शिळी हाक

सर्जेराव चौगुल्यांना हाक मारली की ते हनुवटी चाचपत.

वर्षाराणीच्या पहिल्यांदा ते लक्षात आलं तेव्हा तिला वाटलं, नवऱ्याची दाढ दुखत असेल. दुसऱ्यांदा वाटलं, दाढी टोचत असेल. पण गेले दोन महिने हे रोजचंच झालं होतं. ती स्वयंपाकघरातून "अहो, जेवायला या" म्हणायची. सोप्यात टीव्हीसमोर बसलेला हा माणूस पडद्यावरची नजर न हलवता उजव्या हाताची दोन बोटं हनुवटीखाली घालायचा, तिथे नसलेला पट्टा ओढायचा आणि पुन्हा बातम्यांत बुडून जायचा. "आलो" नाही, "थांब" नाही, साधं "हं" सुद्धा नाही.

त्या रविवारी सकाळी तर कहर झाला. वर्षाराणी पुढच्या खोलीत डंकावर, म्हणजे तिखट कांडायच्या यंत्रावर, गिऱ्हाइकांची मिरची कांडत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. गच्चीवरची टाकी भरून पाणी जिन्यावरून धो धो यायला लागलं. सर्जेराव मोटरच्या बटणापासून चार हातांवर पेपर वाचत बसलेले.

"अहो, मोटर बंद करा!"

बोटं हनुवटीखाली.

"अहो, पाणी चाललंय सगळं!"

पुन्हा बोटं हनुवटीखाली, आणि पेपराचं पान उलटलं.

वीस वर्षं डंकाच्या धडधडाटावर मात करून गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या बाईचा तो आवाज. गल्लीच्या टोकाच्या पानपट्टीवाल्याने तिथून ओरडून विचारलं, "वैनी, काय झालं?" चार हातांवरच्या माणसाला मात्र पत्ता नाही. शेवटी तिने कोपराने मोटरचं बटण दाबलं, ते दाबताना तिखट पापणीला लागलं, आणि एका डोळ्याने ढसाढसा रडत ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काय गं, काय झालं?" सर्जेरावांनी दचकून विचारलं. "हाक मारायची न्हाईस व्हय?"

या सगळ्याचं मूळ फेब्रुवारीत होतं. दोन हजार अडतीस सालचा फेब्रुवारी.

सर्जेराव कागलजवळच्या एका फाउंड्रीत भट्टीवर मुख्य होते. लोखंड वितळवायचं, त्याचा रस लांब दांड्याच्या डावात घ्यायचा आणि साच्यांत ओतायचा, हे काम त्यांनी अठ्ठावीस वर्षं केलं. डोळ्यांवर घ्यायची काच ते कपाळावर ठेवत, कारण म्हणे घामाने धुकं धरतं. हातमोजे खिशात, कारण म्हणे डावाची मूठ हाताला कळत नाही. दोनदा डोळ्यात ठिणगी गेली, एकदा करंगळीचं टोक गेलं. वर्षाराणीने सांगून पाहिलं, भांडून पाहिलं, चार दिवस अबोला धरून पाहिला. सर्जेरावांना अबोला होता हे पाचव्या दिवशी कळलं.

असे सर्जेराव गल्लोगल्ली आहेत आणि त्यांचा अभ्यास करणारेही पुष्कळ आहेत. त्या लोकांना एक गोष्ट फार दिवस छळत होती. टोपी, काच, मोजे, बूट सगळं दिलेलं असतं, माणसं ते घालतातही, पण अर्धवट. धोक्याची पिपाणी बसवली तर तिचा धाक तीन आठवडे टिकतो. मग मेंदू ती ऐकणं सोडून देतो. घरातल्या घड्याळाची टिकटिक आपल्याला ऐकू येत नाही ती याच कारणाने. जो आवाज पुन्हा पुन्हा येतो आणि ज्यातून नवं काही निघत नाही, त्यावर मेंदू शक्ती खर्च करत नाही.

एक आवाज मात्र याला अपवाद निघाला. डोक्याला तारा लावून तपासलं तेव्हा दिसलं की जवळच्या माणसाची हाक कानावर पडली की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात मेंदू उसळी घेतो, मग माणूस कामात कितीही बुडालेला असो. त्यावरच नवी टोपी बेतलेली होती. पट्ट्यात, काचेत, मोज्यांत आणि बुटांत केसाएवढ्या तारा विणलेल्या. एखादी वस्तू जागच्या जागी नसली की टोपी कानामागच्या हाडातून बोलायची, तीही घरच्या माणसाच्या आवाजात. घरच्या माणसाने दहा मिनिटं बोलून दिलं की पुरे, पुढची वाक्यं यंत्र स्वतः रचायचं. हाकेनंतर पट्टा ओढायला किती वेळ लागला तेही ते मोजायचं. वेळ वाढायला लागला म्हणजे हाक शिळी होत चालली. मग यंत्र सूर बदलायचं.

फेब्रुवारीत त्या टोप्या फाउंड्रीत आल्या, तेव्हा आवाज भरून घ्यायला पुण्याहून ऋजुता दामले नावाची सुरक्षा अभियंता आली होती. कामगारांच्या बायका कँटीनमध्ये बसल्या होत्या.

"नाव घेऊन हाक मारायची," ऋजुता म्हणाली. "घरी जसं बोलावता तसं."

बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या.

"घरात कोण नाव घेतंय?" पद्मा मांगोरे म्हणाली. तिचा नवरा दिनकर साचे बनवायच्या विभागात होता. "आमी आपलं 'अहो' म्हणतो."

"आणि तुम्ही?"

"मी बी 'अहो'च," वर्षाराणी म्हणाली.

ऋजुताच्या तक्त्यात 'हाक मारण्याचे नाव' असा एक रकाना होता. तो वरपासून खालपर्यंत 'अहो' या एकाच नावाने भरला. तिने कपाळाला हात लावला. "अहो, पण हे सगळ्यांचंच सारखं होतंय!"

"हुईना का," पद्मा म्हणाली. "आपलं 'अहो' कुठलं, त्ये ज्येला त्येला कळतंय."

आणि खरंच कळलं. पुढच्या सात महिन्यांत भट्टीवर एकालाही साधा चटका बसला नाही. वर्षाराणीने पहिला महिनाभर आल्यागेल्याला कौतुक सांगितलं. जो माणूस जन्मात आपलं ऐकत नव्हता तो दिवसातून शंभरदा ऐकतो, हे काय थोडं आहे?

मग घरी हनुवटीचा प्रकार सुरू झाला.

पद्माकडे वेगळी तऱ्हा नव्हती. "आमचं ह्ये तर हाक मारली की हात पुढं करून बघत्यात, मोजं हाईत का न्हाईत," ती सांगायची. "मी म्हणतो, पोरीची फी भराय पाहिजे. ह्ये तळहात बघत्यात." दोघी हसायच्या, पण वर्षाराणीचं हसणं दिवसेंदिवस आखूड होत गेलं. सव्वीस वर्षांच्या संसारात तिच्याजवळ नवऱ्याला हलवायचं एकच साधन होतं, तिचा आवाज, आणि तो तिने सही करून देऊन टाकला होता.

खंडेनवमीला फाउंड्रीत यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी घरच्यांनाही आत सोडतात. वर्षाराणी पद्माबरोबर गेली. पाहुण्यांना साध्या पिवळ्या टोप्या दिल्या आणि जमिनीवर रंगवलेल्या रेषेच्या अलीकडे उभं केलं. सर्जेराव नळावर हात धूत होते. त्यांची बोलकी टोपी बाकावर होती, काच वर करून ठेवलेली. वर्षाराणीने आजूबाजूला पाहिलं, पिवळी टोपी काढली आणि नवऱ्याची बोलकी टोपी डोक्यावर चढवली.

कानामागचं हाड थरथरलं. आणि तिला स्वतःचं रडणं ऐकू आलं.

"अहो," तिचाच आवाज हुंदके देत म्हणत होता, "एवढी काच खाली घ्या हो. माझी शपथ आहे. मी दारात उभी राहून वाट बघते."

वर्षाराणी थिजली. ती अशी कधी रडली नव्हती. सासू गेली तेव्हा नाही, करंगळी गेली तेव्हाही नाही. यंत्राने आधी तिला रागवायला लावलं असणार, ते शिळं झालं. मग विनवायला लावलं, तेही शिळं झालं. आता रडारडीवर गाडी आली होती. तिच्या आवाजाला कुणी कुणी काय काय करायला लावलं, आणि तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

त्यात आणखी ते 'बघते'. कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात. वर्षाराणी जन्मापासून 'मी वाट बघतो' म्हणत आली होती. पुण्यात बसून कुणीतरी तिचं व्याकरण सुधारलं होतं, आणि ही पुणेरी बायको सात महिने कानात बोलत असताना या माणसाला एकदाही शंका आली नाही!

"दे ती," म्हणत सर्जेरावांनी हात पुसत टोपी घेतली, डोक्यावर ठेवली, क्षणभर थांबले. त्यांचा चेहरा मऊ झाला. काच खाली घेत ते हळूच म्हणाले, "घेतली बग. रडू नको गं."

ते टोपीला म्हणाले. शेजारी हाडामांसाची बायको उभी असताना टोपीला म्हणाले. तो सूर वर्षाराणीने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात दोन-तीनदा ऐकला असेल. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण तेवढ्यात पूजा सुरू झाली आणि ते भट्टीच्या चौथऱ्यावर चढले.

दरवर्षी पूजेआधी भट्टी पूर्ण रिकामी करत. या वर्षी दसऱ्यानंतर लगेच माल पाठवायचा होता म्हणून तळाशी वीतभर रस राखून ठेवलेला होता. भट्टीवाल्यांना ते माहीत होतं. साचेवाल्या दिनकर मांगोऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि नारळ फोडायचा मान वर्षानुवर्षं त्याचा होता. आरतीसाठी झाकण बाजूला सरकवलं. सर्जेराव तबक घेऊन वाकले. मागे दिनकरने नारळ हातात घेतला, दरवर्षीप्रमाणे भट्टीच्या काठावर फोडायला.

रेषेच्या अलीकडून वर्षाराणीला दोन गोष्टी दिसल्या. सर्जेरावांच्या एप्रनवर खालून तांबडा उजेड पडला होता, आणि दिनकरचा हात वर गेला होता. फाउंड्रीतलं तिला काही कळत नव्हतं. पण तापलेल्या तेलात पाणी पडलं तर काय होतं हे तिला चांगलं माहीत होतं.

"अहो!" ती जिवाच्या आकांताने ओरडली.

चौथऱ्यावर अकरा माणसं होती. अकराच्या अकरा जणांचे हात हनुवटीकडे गेले. अकरा जणांनी पट्टे चाचपले. कुणी काच, कुणी मोजे पाहिले. दिनकरने नारळाचा हात खाली घेऊन मोजा पाहिला आणि पुन्हा उचलला. एकानेही मान वळवली नाही. टोप्या गप्प होत्या, कारण सगळ्यांचं सगळं जागच्या जागी होतं.

वर्षाराणी रेषा ओलांडून धावली, चौथरा चढली आणि सर्जेरावांच्या पाठीवरचे एप्रनचे बंद धरून तिने त्यांना मागे खेचलं. त्याच क्षणी नारळ फुटला. पाणी आत गेलं. फाडकन आवाज झाला, वाफेचा लोट उठला आणि रसाचे थेंब वर उडाले.

क्षणभर कुणाला काही दिसलं नाही. मग दिसलं ते असं: तबक पालथं, सर्जेराव पाठीवर, त्यांच्याखाली अर्धी वर्षाराणी. दिनकर मोजे घातलेले दोन्ही हात तोंडासमोर धरून उभा होता, धड होता. सर्जेरावांच्या काचेवर काळे ठिपके उमटले होते. वर्षाराणीच्या उघड्या मनगटावर मसुरीच्या दाण्याएवढं भाजून भोक पडलं होतं आणि तिला ते अजून कळलं नव्हतं.

सर्जेरावांनी काच वर केली. "तू हितं कशी?" त्यांनी विचारलं.

"हाक मारली न्हवं!"

"मला वाटलं टोपी."

तासाभराने मनगटाला पट्टी बांधून वर्षाराणी ऋजुता दामल्यांच्या खोलीत बसली होती. शेजारी सर्जेराव. टेबलावर ती काच.

"माझा आवाज परत द्या," वर्षाराणी म्हणाली.

ऋजुता पांढरीफटक पडली होती. "ताई, चूक आमची आहे. टोपीतली हाक शिळी होऊ नये म्हणून आम्ही सगळं केलं. पण तीच हाक माणूस घरीही ऐकतो. घरातली शिळी होईल का, हे आम्ही मोजलंच नाही."

"मग आता काढा."

"काढते. तो तुमचा हक्क आहे. पण काढला की टोपी साधी पिपाणी वाजवणार. तिचा उपयोग तीन आठवडे. चौथ्या आठवड्यात यांची काच पुन्हा कपाळावर." ऋजुताने टेबलावरची काच तिच्यापुढे सरकवली. "हे बघा."

वर्षाराणीने ठिपके मोजले. चौदा होते. दोन बरोबर डोळ्यांसमोर.

ही काच आज खाली होती ती कुणामुळे? त्या रडणाऱ्या, पुणेरी बोलणाऱ्या बयेमुळे. ती नसती तर हे दोन ठिपके काचेवर पडले नसते. आणि तीच असल्यामुळे खऱ्या बायकोची हाक कानावरून गेली. तिला ठेवावं तर हा माणूस घरात बहिरा, काढावं तर भट्टीवर आंधळा. वर्षाराणीला जोरजोरात ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचीही सोय उरली नव्हती.

"राहू दे की तुजाच आवाज," सर्जेराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "मला सवय झालीया."

"सवय झालीया म्हणूनच तर मरत हुतासा!" वर्षाराणी उसळली. "मी काय टोपी हाय? आँ? 'रडू नको गं' म्हणं! मला कवा म्हणालासा? ती 'बघते' म्हणत्या आणि तुमास्नी पत्ता न्हाई. मी सव्वीस वर्सं 'बघतो' म्हणत आलो! काच कपाळाला लावाल तर डोळं तुमचं जाणार. मोजं खिशात घालाल तर बोटं तुमची जाणार. मग आठवण मी का करू? माझ्याच आवाजात, माझ्याच जिवाला घोर लावून मीच का करू? तुमचं तुमी करा की!"

तिने ऋजुताकडे पाहिलं.

"ह्यांचाच आवाज घाला की टोपीत."

"यांचाच?"

"स्वतःशिवाय कुणाचं ऐकलंय ह्यांनी कधी?"

ऋजुता हसणार होती, पण हसली नाही. विचारात पडली. "आम्ही हे करून पाहिलेलं नाही. पण होऊ शकतं," ती म्हणाली. "आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडातून ऐकू येतो, जाड आणि ओळखीचा. भरून घेतलेला आवाज तसा नसतो. तो बाहेरून येतो, म्हणून परका वाटतो, नकोसा वाटतो. लोक स्वतःचा आवाज ऐकून कान झाकून घेतात. कानाला नकोशी गोष्ट लवकर शिळी होत नाही. आणि शिळी झालीच, तर यांच्या घरात त्या आवाजाने हाक मारणारं दुसरं कुणी नाही." तिने टेबलावरचं यंत्र सुरू केलं. "काका, दहा मिनिटं बोलावं लागेल."

सर्जेरावांनी घसा साफ केला. यंत्राकडे पाहिलं. "सर्जेराव, पट्टा लाव. सर्जेराव, काच खाली घे. मोजं घाल." ते मागे टेकले. "झालं."

"वीस सेकंद झाले," ऋजुता म्हणाली.

"आनि काय बोलू?"

"काहीही. काच का वर करता ते सांगा. स्वतःला समजावल्यासारखं."

सर्जेरावांनी यंत्र थोडं जवळ ओढलं. वर्षाराणी खिडकीकडे बघत होती.

"सर्जेराव," ते हळू आवाजात म्हणाले, "धुकं धरतंय म्हणून काच वर करतोस, ह्ये खोटं हाय. नवी पोरं बघत्यात म्हणून करतोस. म्हातारा भ्याला म्हणतील म्हणून. आनि भ्यालाईसच तू. चार वर्सं झाली. बुटाची नाडी न बांधता गेलास, रस बुटात उतरला. घरी सांगितलास, च्या सांडला म्हणून. तिनं खोबरेल लावलं. तळव्याची कातडी गेल्याली तिला दावली न्हाईस. तवापासनं डाव उचलताना पाय कापतो तुजा. रोज कापतो. रोज वाटतं, आज सांगू, आता भट्टी नको म्हणून. मग दारात येतोस आनि बातम्या लावतोस."

ऋजुताने यंत्रावरच्या सेकंदांच्या आकड्यांकडे पाहिलं नाही. वर्षाराणीने खिडकीवरून नजर वळवली.

"टोपीत तिचा आवाज आला की दर खेपेला एक सेकंद वाटायचं, ती खरंच आलीया. मागं उभी हाय. त्या सेकंदापुरता पाय कापायचा थांबायचा. म्हणून मुद्दाम काच वर करायचास तू, सर्जेराव. ती बोलावी म्हणून. तिला रडवलास. येड्या, ती बोलावी म्हणून डोळं पणाला लावलास. आता ती न्हाई बोलायची हितं. काच खाली घे आनि नीट घरी जा. घरी हाय ती."

खोलीत यंत्राचा बारीक दिवा लुकलुकत होता. दहा मिनिटं कधीच होऊन गेली होती. सर्जेराव आपल्या बुटांकडे बघत बसले होते.

वर्षाराणीने नाक पुसलं. रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता.

"ह्ये सगळं मला घरी सांगाय काय झालं हुतं?"

सर्जेरावांनी तिच्याकडे पाहिलं. या वेळी त्यांचा हात हनुवटीकडे गेला नाही.

"किती वेळा सांगाय आलो," ते म्हणाले. "तू डंक बंद करतीस कुठं?"